हॉलचं छत

१९८८ साली ब्रिस्टलजवळच्या जुन्या मॅनर हाउसच्या माळ्यावर सर्व्हेअर मधुमती रांगत लाकडं तपासत होती. मुख्य तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचला, तर ओल्या मातीत रुतावा तसा मुठीपर्यंत गेला आणि तुळई करकरली. खाली हॉलमध्ये सहलीची तीस मुलं हॉलचं चित्र काढत बसली होती. इंग्लिशमध्ये ओरडलं तर मुलं घाबरून धावतील, म्हणून तिने झडपेतून खालच्या सहकाऱ्याला मराठीत सांगितलं, “उदय, बीम कुजलाय. सगळ्यांना बाहेर ने. हसत बोल.” “आणि तू?” “आधी मुलं.” शेवटचं मूल निघेपर्यंत तिने श्वासही जपून घेतला, मग ती सरपटत जिन्याशी पोचली आणि मागे छत कोसळलं. बाहेर हिरवळीवर ती मुलांजवळ आली. एका मुलीने तिला चित्रवही दाखवली. “मी छताची भेगही काढली होती,” ती म्हणाली, “टीचर म्हणाल्या, पुसून टाक.”