कारणाचा हट्ट

गर्भाच्या पेशींवरून गर्भपाताचे कारण तासाभरात अचूक सांगणारे यंत्र दवाखान्यात आले, आणि विज्ञानाला जन्मभर तुच्छ लेखणाऱ्या मृदुलाच्या सासूबाई एकाएकी विज्ञाननिष्ठ झाल्या. सुनेचा हा तिसरा गर्भपात होता.

"पपई खाल्लीन असेल, नाहीतर ती स्कूटर," त्या म्हणाल्या. "वाचा हो डॉक्टर. हिच्यासमोरच वाचा."

डॉक्टरांनी अहवाल वाचला. "गर्भाच्या गुणसूत्रांत मोडतोड. उगम पित्याच्या बीजात. आईकडून काहीही चुकलेले नाही."

मृदुलाचा नवरा श्रीरंग छत न्याहाळू लागला. तीन वर्षे कारणाचा हट्ट धरून बसलेले ते सुसंस्कृत घराणे एका क्षणात दैववादी झाले.

"असल्या गोष्टींना का कुठे कारण असतं?" सासूबाई म्हणाल्या. "देवाची इच्छा. यंत्राला काय कळतंय!"

मृदुलाने पर्समधून सासूबाईंच्याच अक्षरातली यादी काढली. पपई नको, जिने नकोत, ग्रहणात सुरी नको, मोठ्याने हसणे नको. ती तिने श्रीरंगच्या हातावर ठेवली.

"पुढच्या खेपेला हे तुम्ही पाळा," ती म्हणाली. "मी जरा हसेन म्हणते."