नुसती मान

निम्म्या गावाची बाळंतपणं केलेल्या डॉक्टर मॅडमना या वयात बोलायला शिकायचं अगदी जिवावर आलं होतं. पण डॉक्टरकीची नोंदणी टिकवायची तर कार्यशाळेला हजेरी लावणं भाग होतं. विषय होता, पोटातलं बाळ गेल्याचं आईला कसं सांगावं. सरावासाठी पेशंट म्हणून एक बाई समोर बसवली होती. ती हे काम आपणहून करते, असं शिकवणारे सर म्हणाले.

मॅडमनी मग दाखवूनच द्यायचं ठरवलं. खुर्ची तिच्याजवळ ओढली. फोन वाजला, तो न बघताच पर्समध्ये टाकला. "बाळाचे ठोके लागत नाहीयेत गं," एवढंच हळू आवाजात सांगितलं आणि तिचा हात हातात धरून गप्प बसून राहिल्या. ती बाई खरोखरच रडली. मागच्या रांगेतल्या तरुण डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या.

"कसं सांगितलं मॅडमनी?" सरांनी तिला विचारलं.

"फार छान." तिने डोळे पुसले. "मागच्या वेळी मॅडम फोनवर बोलत होत्या. मला नुसती मान हलवून 'नाही' म्हणाल्या होत्या."

सर हसले. "म्हणजे मॅडमनी आधी एक तालीम केली होती तर."

"नाही सर. तेव्हा मी त्यांच्या दवाखान्यात होते. तालीम ही आजची."

मॅडमची मान खाली गेली. त्या तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होत्या, आणि तो काही केल्या आठवत नव्हता.