बाळकृष्णाचे डोळे

चिंचेने घासून काढलेलं पांढरं पुट बाळकृष्णावर पुन्हा चढलं होतं. शहरातल्या या घरी नळाला जड पाणी, आणि त्याच पाण्याने रोज स्नान घालून माईंनी जणू आपल्याच हातांनी देवाचे डोळे बुजवले होते. त्यांचे यजमान हयातभर याच मूर्तीपुढे कीर्तनाला उभे राहिले होते. माईंचा जीव तुटला.

फिल्टरचं पाणी थेंबथेंब निघे. सून केतकी त्यातलं तांब्याभर माईंना प्यायला ठेवायची. माईंनी मूर्ती पुन्हा घासून लख्ख केली; त्या दिवसापासून तो तांब्या देवाला गेला आणि माई गुपचूप नळाचं पिऊ लागल्या.

एकदा माई पोट धरून बसलेल्या. त्यांच्या पेल्याच्या तळाशी केतकीला पांढरा थर दिसला.

"माई, नळाचं पिताय?"

"अगं, माझ्यावर पुटं चढली तर कोण बघतंय? त्याला दिसायला हवं."

 दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला केतकीच बसली. तांब्या देवावर ओतला, तामणात साठलेलं सगळं पाणी परत तांब्यात भरलं, वर तुळशीचं पान ठेवलं आणि माईंपुढे धरलं.

"तीर्थ आहे. नको म्हणायचं नाही."

माईंनी ओंजळ पुढे केली. बाळकृष्ण टक्क डोळ्यांनी बघत होता.