फ्रिजवरचा दुसरा तक्ता

"बाई लाख मोलाच्या आहेत. फक्त त्यांच्या हाती कोरा तक्ता देऊ नका. पस्तावाल," मावशी आधी ज्याच्या घरी राहिल्या होत्या, त्या बेकरीवाल्यानं तिला फोनवर बजावलं होतं. तिनं ते हसण्यावारी नेलं. तक्त्यांना भिणारी ती नव्हतीच. आपल्या पाच महिन्यांच्या बाळाचं दूध, झोप, शी, रडणं, सगळं ती फ्रिजवर लावलेल्या तक्त्याच्या रकान्यांत रोज भरत होती. जोडीला आणखी एक तक्तेवाली मिळणार म्हणजे सोन्याहून पिवळं.

मावशी एका वेबसाइटवरून सापडल्या होत्या. राहायला मागची खोली, दोन वेळचं जेवण, बदल्यात रोज चार तास घरकामाला आणि बाळाला हात. मुक्काम महिनाभराचा. चाळीस वर्षं प्राणिसंग्रहालयात वाघ सांभाळून त्या निवृत्त झाल्या होत्या. "पिंजरे पुष्कळ बघितले, आता माणसांची घरं बघत फिरते," म्हणाल्या.

नवऱ्यानं तिला बाजूला घेतलं. "अगं, वाघ सांभाळणारी बाई बाळ सांभाळेल?"

"तुला मी सांभाळतेच आहे ना, काही अनुभव नसताना?"

बोलली खरी, पण पहिले सहा दिवस तिनं मावशींवरची नजर हलू दिली नाही. दार किलकिलं ठेवून बघितलं. कपाटावर कॅमेरा लावला. अंघोळीच्या पाण्यात मावशींनी कोपर बुडवलं की मागोमाग ही बोट बुडवायची. खोट काही सापडेना. सापडेना म्हणून जीव आणखीच टांगणीला लागला.

सातव्या दिवशी सकाळी फ्रिजचं दार जरा जोरात लागलं. चुंबक निसटलं, बाळाचा तक्ता खाली पडला. त्याच्यामागे दुसरा होता. रकाने तेच. अक्षर मावशींचं.

'चहा: गार, तीन घोट. बिस्किट: एक, अर्धं टाकलं. झोप: चाळीस मिनिटं, तीही तुटक.'

दुधाशिवाय ज्याच्या तोंडात काही गेलं नाही त्या बाळाला चहा! ती धावत गॅलरीत गेली. मावशींच्या मांडीवर खिदळणारं बाळ तिनं उचललं आणि बोट घालून त्याचं तोंड तपासलं. बाळाला खेळ वाटला. त्यानं बोट चोखलं.

"मावशी, आत्ताच्या आत्ता सामान आवरा!"

"काय झालं गं?"

"माझ्या बाळाला चहा पाजता? आणि वर लिहून ठेवता?"

बुटाची नाडी बांधता बांधता नवरा एका पायावर उड्या मारत आला. मावशींनी कागदाकडे बघितलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"हा बाळाचा नाही. खालचं वाच."

तिनं वाचलं. 'रडणं: एकदा, बाथरूममध्ये, नळ सोडून. येरझाऱ्या: पाळणा ते दार, एकवीस. गुरगुरणं: नवऱ्यावर, दोनदा. पैकी एकदा रास्त.'

"रास्त कुठलं?" नवऱ्यानं विचारलं.

"नुकत्याच व्यालेल्या वाघिणीच्या पिल्लाला आम्ही हात लावत नसू," मावशी म्हणाल्या. "तिचं खाणं बघायचो. ती जेवली, झोपली, येरझाऱ्या थांबल्या, की पिल्लाची काळजी मिटली. तुझं पिल्लू ठणठणीत आहे पोरी. वाघीण मात्र सात दिवसांत एकदाही बसून जेवलेली नाही."

"मग लपवून कशाला ठेवलात?"

"तक्ता पिंजऱ्याला बाहेरून लावतात. आतल्याला दाखवून काय उपयोग?"

"आणि बेकरीवाल्याचं काय केलंत?"

"दिवसभर केकच चाखायचा. आता रोज तासभर चालतो. मला शिव्या देत, पण चालतो."

तिला हसू आलं आणि हसता हसता रडूही. या वेळी नळ सोडायचं राहून गेलं. मावशींनी तिच्या कडेवरचं बाळ घेतलं, पायानं खुर्ची पुढे सरकवली. समोर दोन टोस्ट, अंडं आणि वाफाळता चहा आला. ती बसून जेवली. मग तीन तास झोपली. कॅमेऱ्यात कुणीच बघितलं नाही.

महिना संपेपर्यंत येरझाऱ्या चारवर आल्या. गुरगुरणं तेवढंच राहिलं, पण त्यातलं रास्त वाढलं.

पुढच्या घरी जायच्या दिवशी मावशी खोलीत बॅग भरत होत्या. खाली टॅक्सी उभी होती. ओटा पुसताना तिचा हात खिडकीतल्या कपाला लागला. मावशींचा सकाळचा चहा. काठोकाठ भरलेला, गार, वर साय धरलेली. काल तिनं असाच एक कप विसळला होता. परवाही. मावशी जेवायच्या ते सगळ्यांच्या मागून, सिंकपाशी, उभ्यानं. आणि महिनाभरात त्यांना एकही फोन आला नव्हता. एवढी डोळ्यांत तेल घालून ती बघत होती, तरी हे तिला दिसलं नव्हतं.

तिनं टॅक्सीवाल्याला थांबायला सांगितलं. नवा चहा केला, मावशींना खुर्चीत बसवलं आणि "संपवल्याशिवाय उठायचं नाही!" असं दरडावत कप रिकामा होईपर्यंत समोरून हलली नाही.

"गुरगुरतेस छान," मावशी म्हणाल्या.

संध्याकाळी तिनं वेबसाइटवर पुढच्या घरासाठी अभिप्राय लिहिला. "मावशी लाख मोलाच्या आहेत. त्यांच्या हाती कोरा तक्ता जरूर द्या. आणि आणखी एक त्यांच्या नावानं तुम्ही भरा, त्यांना दिसणार नाही असा लावा. हे वाचत असाल तेव्हा त्या तुमच्याच घरात असतील. जरा उठा, आणि त्यांचा चहा गार झालाय का, तेवढं बघून या."