यादीत नसलेलं अस्वल

जंगलातले प्राणी फोटोवरून ओळखायला कॉम्प्युटरला शिकवायचं, म्हणून इंजिनिअर मुलगी नावांची यादी भरत होती: बिबट्या, हरिण, रानडुक्कर. “अस्वल राहिलं,” वनमजूर मावशी म्हणाली. “इथे अस्वल नाही,” साहेबांनी उडवून लावलं. अस्वल निघालं, तर त्यांनी जंगलातून आखलेला रस्ता अडणार होता. पाणी कुठे मुरतंय हे मावशी ओळखून होती. “टाक गं, पोरी.” मुलगी चुळबुळली. “नमुन्याचा फोटो लागतो, मावशी. त्याशिवाय नाव चढतच नाही.” “एवढंच ना?” मावशीने बाही खांद्यापर्यंत सारली आणि दंड लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर नख्यांचे चार खोल वण होते. “काढ फोटो.” मुलीने साहेबांकडे पाहिलंच नाही. वणांभोवती चौकट आखली, खाली लिहिलं: अस्वल. साहेब उसळले, “ते पुसून टाका.” मावशीने बाही खाली ओढली. “वीस वर्षं पुसतेय, साहेब. जात नाही.”