भोंग्यातला आवाज

रानडुकरांनी हरभऱ्याची नासाडी मांडली, तेव्हा निकितानं शेताच्या धुऱ्यावर बॅटरीचा भोंगा बसवला. त्यातल्या वाघाच्या डरकाळीला डुकरं भीक घालेनात, म्हणून तिनं मोबाईलवर चोरून भरलेला सासूबाईंचा आवाज त्यात टाकला. आठ दिवस एक डुक्कर फिरकलं नाही.

आज सकाळी भोंगा बंद करायचा राहिला, आणि नेमक्या सासूबाई, मैनाबाई, शेतात आल्या.

"निकिताऽऽ! कुठं तोंड काळं केलं वं? दूध उतू गेलं नं सारं!" भोंगा ओरडतच होता. आता आपली रवानगी माहेरी, हे निकितानं ओळखलं. मैनाबाईंनी मात्र कान देऊन सगळं ऐकलं.



"हे तं मी तुले लाडानं बोलली होती वं. डुकरायसाठी येगळं भरून देतो, आण मोबाईल!"