बरं म्हणणारा माणूस

बाराव्या पानावर नायिका ‘नाही’ म्हणाली आणि वाचणारीचं पेन थबकलं. पुढे काय होणार ते तिला तोंडपाठ होतं. प्रेमकथा छापणाऱ्या प्रकाशनात ती प्रुफं तपासायची. असल्या ‘नाही’चं पुढे काय होतं, ते तिला कुणी सांगायला नको होतं. नायक हट्टाला पेटतो. उन्हातान्हात तिच्या ऑफिससमोर उभा राहतो, घरापर्यंत मागे येतो, आणि शेवटच्या प्रकरणात ती विरघळते. पूर्वी हे वाचताना तिला जांभया यायच्या. हल्ली घाम फुटायचा.

कारण समोरच्या फुटपाथवर, औषधाच्या दुकानाच्या पायरीशी, तिच्यासाठीही एक जण उभा असायचा. कुणाच्या तरी लग्नात ओळख झाली होती. त्याने विचारलं, तिने नाही सांगितलं. नीट, स्पष्ट शब्दांत. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो तिथे. बोलायचा नाही. नुसता बघायचा आणि मागे चालू लागायचा. त्याच्यापायी तिने राहती खोली बदलली, वाटा बदलल्या, रोज त्याला गर्दीत चुकवूनच ती घरी पोचायची.

ऑफिसात सांगितलं, तर सगळ्यांना कोण कौतुक. "आमच्या मागे कधी कुत्रंसुद्धा लागलं नाही," हिशेब बघणाऱ्या मावशी म्हणायच्या आणि खिडकीतून त्याच्याकडे मायेने बघायच्या. मावशी मनाने लोण्याहून मऊ. इथली प्रत्येक कादंबरी त्यांनी डोळे पुसत पुसत वाचलेली.

तिने जीव मुठीत धरून पान उलटलं.

‘बरं,’ नायक म्हणाला. ‘तुझी बस कुठली?’

त्याने नायिकेला बसमध्ये बसवून दिलं. घरी जाऊन साठलेली भांडी घासली आणि बराच वेळ या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. पानंच्या पानं गेली, तो आलाच नाही. मग पुष्कळ काळाने नायिकेनेच आपणहून त्याला फोन केला. पुढे लग्न, त्याचं घोरणं, तिने पलंगावर टाकलेला ओला टॉवेल, दिवा कुणी मालवायचा यावरून भांडणं. प्रेमकथांचा वाचणारीला मनापासून कंटाळा; ही मात्र ती अधाशासारखी वाचत गेली. चुकांवर खुणा करायचंही भान राहिलं नाही. असाही माणूस असू शकतो, एवढंच सारखं मनात येत होतं.

ऑफिस सुटलं. नेहमीसारखी ती पडद्याआडून खाली डोकावली.

पायरी रिकामी होती. तिने रस्त्याची दोन्ही टोकं पाहिली. कुणी नव्हतं. समजलं असेल त्याला, ती मनाशी म्हणाली. समजतं माणसांना, उशिरा का होईना.

"मावशी, आज तो नाहीये," ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसली.

मावशींनी पर्स आवरता आवरता लाडाने तिच्याकडे पाहिलं. "कसा असेल? दुपारी वर आला होता, तू जेवायला गेली होतीस तेव्हा. तुझा नवा पत्ता मागत होता. डोळ्यांत पाणी होतं गं बिचाऱ्याच्या. दिला मी. म्हणाला, आज तिथेच वाट बघतो."

तिच्या डोळ्यांपुढे ती नवी खोली आली. तिथल्या जिन्यातला बल्ब गेलेला होता. खोलीची कडी नावापुरती होती. तिने पोलिसांना फोन लावला. पहिल्यापासून सगळं सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, तिथेच थांबा, आम्ही येतो.

मावशी गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अगं, पोलीस कशाला? प्रेम करतो तो तुझ्यावर."

तिने प्रुफांचा गठ्ठा बाराव्या पानावर उघडून त्यांच्यापुढे सरकवला. मावशींनी चष्मा लावला. वाचलं, पान उलटलं, पुन्हा मागे आल्या.

"हा तर सरळ निघून गेला," त्या म्हणाल्या. "यात प्रेम कुठे आहे?"

"तो निघून गेला ना मावशी," दारावरची नजर न काढता ती म्हणाली, "तिथेच."